ईजीआर बंद करण्याआधी बिघाड शोधा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

उसाचा हंगाम जवळ आला की कोल्हापूरजवळ शिरोलीपासून उचगाव आणि गोकुळ शिरगावपर्यंत महामार्गालगतच्या गॅरेजांसमोर जुन्या ट्रकांची गर्दी वाढते. एप्रिल २०१७ ते मार्च २०२० या काळात विकल्या गेलेल्या बीएस-४, म्हणजे भारत स्टेज-४ या प्रदूषण मानकाच्या, गाड्यांचा त्यात मोठा भरणा असतो. त्यांच्या मालकांची तक्रार सहसा एकसारखी असते: गाडीला पिकअप नाही, भरलेली गाडी घाटात दम टाकते, काळा धूर येतो आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा विझत नाही. बिघाडाच्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावला की ईजीआरचा, म्हणजे जळालेला काही वायू इंजिनात परत फिरवणाऱ्या यंत्रणेचा, कोड निघतो आणि मग बहुतेक ठिकाणी एकच उपाय सुचवला जातो, तो म्हणजे ईजीआर कायमचा बंद करण्याचा. नळीच्या फ्लँजमध्ये, म्हणजे जोडात, पत्र्याची प्लेट घालतात, दिवा पुन्हा लागू नये म्हणून ईसीएमच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या, प्रोग्रॅममध्ये फेरफार करून घेतात आणि गाडी रस्त्यावर जाते. डिझेल इंजिनांच्या दुरुस्तीवर पोट असलेला कारागीर म्हणून मला या उपायाची मनापासून चिंता वाटते, कारण ज्या गाड्यांत अशी प्लेट घातली जाते त्यांतील पुष्कळ गाड्यांचा मूळ दोष ईजीआर व्हॉल्व्हमध्ये नसतोच. तो दोष शोधण्याची सरळ पद्धत आहे, तिला फारसा खर्च येत नाही आणि ती ट्रकमालकांनाही ठाऊक असली पाहिजे, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

आधी ही यंत्रणा कशासाठी असते ते सांगतो. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो कशाशी सहज संयोग पावत नाही. पण सिलिंडरमधील ज्वालेचे तापमान साधारण १५०० अंश सेल्सिअसच्या वर चढले की तो ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होऊ लागतात. तापमान जसे चढते तसे त्यांचे प्रमाण झपाट्याने वाढते. ईजीआर यंत्रणा एक्झॉस्टमधील जळालेल्या वायूचा काही भाग कूलरमधून थंड करून पुन्हा इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेण्याच्या वाटेत, सोडते. या वायूत ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ जास्त असल्यामुळे ज्वलनाचा कमाल ताप खाली येतो आणि ऑक्साइडे कमी बनतात. अवजड वाहनांच्या इंजिनांसाठी या ऑक्साइडांची मर्यादा बीएस-३ मध्ये एका किलोवॅट-तासामागे ५ ग्रॅम होती, बीएस-४ मध्ये ती ३.५ ग्रॅमवर आली आणि बीएस-६ मध्ये ०.४ ग्रॅमपर्यंत उतरली. बीएस-४ ची मर्यादा गाठण्यासाठी काही इंजिनांत ईजीआरचा मार्ग निवडला गेला, तर काहींत युरियाचे द्रावण फवारून धूर शुद्ध करण्याचा. म्हणून आपल्या गाडीत नेमकी कोणती यंत्रणा आहे, हे मालकाने कागदपत्रांवरून आणि बॉनेट उघडून आधी पाहावे.

ईजीआर बंद करणाऱ्यांची बाजूही खोटी नाही, आणि ती मान्य केल्याशिवाय पुढे बोलणे योग्य होणार नाही. जळका वायू आत घेतला की काजळी वाढते, ती काजळी इनटेकमध्ये साचते, आणि प्लेट घातल्यावर गाडी काही काळ हलकी पळते हा अनुभव खरा आहे. कर्जाचा हप्ता, टायर, विमा आणि डिझेल यांच्या ओझ्याखाली असलेल्या मालकाला नवा व्हॉल्व्ह आणि नवा कूलर यांचा हजारो रुपयांचा खर्च सांगितला, आणि शेजारी पत्र्याच्या तुकड्याचा पर्याय ठेवला, तर तो काय निवडेल हे उघड आहे. शिवाय प्लेट घातलेली गाडी पीयूसीत अडकत नाही. डिझेल गाडीच्या पीयूसी चाचणीत इंजिनाला मोकळा रेस देऊन धुराची केवळ अपारदर्शकता मोजतात. बीएस-४ गाडीसाठी ती ५० हार्ट्रिज एककांच्या आत असावी लागते. नायट्रोजनची ऑक्साइडे या चाचणीत मोजलीच जात नाहीत. काजळी कमी झाल्यामुळे प्लेट घातलेल्या गाडीचा आकडा उलट चांगला येतो, आणि मालकाचा समज होतो की आपण काही चुकीचे केले नाही.

परंतु जे त्या नळकांड्यातून डोळ्यांना न दिसता बाहेर पडते ते आपल्याच शहरात राहते. नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकेला दाह करतो, दम्याच्या रुग्णांचा त्रास वाढवतो, उन्हात इतर वायूंशी मिसळून जमिनीलगतचा ओझोन तयार करतो आणि त्याच्यापासून सूक्ष्म धूलिकणही बनतात. राष्ट्रीय मानकाप्रमाणे हवेतील त्याची वार्षिक सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, हवेची मानके न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत कोल्हापूरचे नाव आहे, ही गोष्ट तावडे हॉटेलच्या चौकात किंवा कावळा नाक्यावर सिग्नलला उभ्या राहणाऱ्या कोणालाही नवी वाटणार नाही. कायद्याच्या बाजूनेही हा व्यवहार सुरक्षित नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार वाहनात परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि प्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास कलम १९० नुसार १०,००० रुपयांपर्यंत दंडाची व तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. स्कॅनरवर दिसणारा कोड म्हणजे निदान नव्हे. पी-०४०१ या कोडचा अर्थ संगणकाला जळक्या वायूचा प्रवाह अपेक्षेपेक्षा कमी आढळला एवढाच आहे. पी-०४०२ म्हणजे तो जास्त आढळला. पी-०४०३ व्हॉल्व्ह चालवणाऱ्या विद्युत मंडलाबद्दल आहे. पी-०४०४ व्हॉल्व्ह सांगितलेल्या जागी पोहोचत नसल्याबद्दल आहे. आणि पी-०४०५ व पी-०४०६ व्हॉल्व्हची जागा सांगणाऱ्या सेन्सरचा संदेश अनुक्रमे फार कमी किंवा फार जास्त असल्याबद्दल आहेत. यांपैकी एकही कोड ‘व्हॉल्व्ह बदला’ असे सांगत नाही. काही ट्रकांवर कोड दोन आकड्यांच्या जोडीने येतो. त्यातील पहिला आकडा कोणत्या घटकाबद्दल तक्रार आहे ते सांगतो आणि दुसरा तक्रार कोणत्या स्वरूपाची आहे ते सांगतो. गॅरेजमध्ये बहुधा पहिलाच आकडा वाचला जातो, आणि खरी माहिती दुसऱ्यात असते. कोड पुसून टाकण्याआधी तो कोणत्या वेगाला, किती भारावर आणि इंजिन किती गरम असताना नोंदला गेला, ही संगणकाने साठवलेली स्थितीही कागदावर उतरवून घ्यावी. एकदा कोड पुसला की ही माहिती जाते, आणि मग सारे अंदाजावर चालते.

कोड विद्युत मंडलाचा असेल तर पान्याला हात लावण्याआधी मल्टिमीटर हातात घ्यावा. आठ-दहा पावसाळे पाहिलेल्या गाडीत वायरिंगचा दोष आधी धरून चालणे शहाणपणाचे ठरते. गगनबावड्याच्या पावसात आणि करूळ घाटाच्या धुक्यात सतत चालणाऱ्या गाड्यांच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या जोडात, पिना हिरव्या पडतात; वॉशिंग सेंटरवर दाबाच्या पाण्याने इंजिन धुतल्यावर पाणी कपलरच्या रबरी सीलमधून आत शिरते; एक्झॉस्टच्या उष्णतेने वायरींवरील आवरण कडक होऊन तडकते. किल्ली चालू ठेवून आणि कपलर काढून पाहिले असता सेन्सरच्या पुरवठ्याच्या पिनेवर साधारण ५ व्होल्ट मिळाले पाहिजेत, आणि अर्थिंग निर्दोष असले पाहिजे. कपलर जोडून, मागच्या बाजूने मीटरची सुई लावून व्हॉल्व्ह सावकाश उघडला तर संदेशाचा व्होल्टेज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग बदलत गेला पाहिजे. मध्येच तो शून्यावर पडला किंवा उडी मारून गेला तर सेन्सरची पट्टी झिजली आहे. नेमके आकडे प्रत्येक इंजिनाचे वेगळे असतात आणि ते त्या इंजिनाच्या सर्व्हिस पुस्तिकेतूनच घ्यावेत. इंजिन चालू असताना वायरिंगचा जुडगा हाताने हलवून स्कॅनरवरचा आकडा हलतो का हे पाहणे, ही चाचणी एका पैशाचीही नाही आणि तिने सापडणारे दोष थोडे नाहीत.

व्हॉल्व्ह कशावर चालतो ते त्यानंतर पाहावे लागते. लहान आणि मध्यम मालवाहू गाड्यांत तो पुष्कळदा व्हॅक्यूमवर चालतो, काही मोठ्या ट्रकांत टाकीतील हवेच्या दाबावर, आणि बाकीच्यांत आतल्या लहान विद्युत मोटारीवर. व्हॅक्यूमच्या व्हॉल्व्हला हाताचा व्हॅक्यूम पंप लावून गेजची सुई स्थिर राहते का ते बघावे. सुई हळूहळू खाली आली तर डायफ्राम, म्हणजे आतला पडदा, फाटला आहे. सुई टिकते पण दांडी हलत नाही, तर व्हॉल्व्ह काजळीने जाम झाला आहे. दांडी नीट हलते, पण इंजिन चालू असताना मूळ नळीला व्हॅक्यूमच येत नाही, तर दोष व्हॉल्व्हच्या मागे, म्हणजे सोलेनॉइडमध्ये (व्हॅक्यूम सोडणाऱ्या विद्युत झडपेत), इंजिनावरच्या व्हॅक्यूम पंपात किंवा उन्हाने चिरलेल्या रबरी नळीत आहे. ही नळी किरकोळ किमतीची असते. तिच्यापायी पूर्ण व्हॉल्व्ह बदलून घेतलेले मालक माझ्या पाहण्यात आहेत, आणि दुरुस्तीनंतर तोच कोड परत आल्यावर त्यांना प्लेटचा सल्ला मिळालेला आहे. मोटारीच्या व्हॉल्व्हची परीक्षा स्कॅनरवरूनच होते. संगणकाकडून त्याला टप्प्याटप्प्याने उघडण्याचा आदेश द्यावा आणि परत येणारा आकडा आदेशाच्या बरोबरीने चालतो की मागे रेंगाळतो ते पाहावे.

व्हॉल्व्ह हलतो म्हणजे त्यातून वायू जातोच असे नाही. कूलरच्या बारीक नळ्या किंवा इनटेकचे तोंड काजळीने बुजलेले असू शकते. ज्या इंजिनांवर आत येणारी हवा मोजणारा सेन्सर आहे, त्यांत इंजिन गरम करून, आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, चालू ठेवून व्हॉल्व्ह उघडला की बाहेरून येणाऱ्या हवेचा आकडा स्पष्ट खाली आला पाहिजे आणि इंजिनाचा आवाजही बदलला पाहिजे, कारण आता सिलिंडरमधील काही जागा जळक्या वायूने घेतलेली असते. आकडा जागचा हलला नाही तर वाट बुजली आहे. व्हॉल्व्ह बंद असतानाच आकडा अपेक्षेपेक्षा कमी असेल, तर एकतर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही किंवा हवेचा सेन्सर मळून कमी मोजतो आहे. तो कमी मोजू लागला की संगणकाला वाटते ईजीआर गरजेपेक्षा जास्त चालला आहे, तो व्हॉल्व्ह सतत मिटत राहतो आणि शेवटी ईजीआरचाच कोड टाकतो. दोष एअर फिल्टरजवळच्या सेन्सरचा असतो आणि नाव मात्र व्हॉल्व्हचे येते.

याच्या उलटा प्रकार एका परिचित ट्रकमालकाच्या गाडीत पाहायला मिळाला. कोकणात माल टाकून येताना गाडी घाटात पिकअप घेईना आणि काळा धूर सोडी. एका गॅरेजमध्ये नवा व्हॉल्व्ह बसवला गेला, त्याने काही फरक पडला नाही, आणि मग कूलरसकट सगळी यंत्रणा काढण्याची बोलणी सुरू झाली. प्रत्यक्षात इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या टर्बोपासून ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणाऱ्या होजला, म्हणजे नळीला, क्लिपच्या खाली चीर गेली होती. गाडी उभी असताना ती दिसत नव्हती. भारावर दाब चढला की उघडत होती, आणि आजूबाजूला तेलकट काळा थर जमला होता. हवेचा सेन्सर या होजच्या आधी बसलेला असतो, त्यामुळे तो वाटेत निसटणारी हवाही मोजत होता. संगणकाच्या हिशेबाने सिलिंडरमध्ये भरपूर हवा पोहोचत होती, म्हणून ती कमी करण्यासाठी तो ईजीआर अधिक उघडत होता, आणि आधीच हवेला मुकलेल्या सिलिंडरमध्ये आणखी जळका वायू भरला जात होता. होज बदलल्यावर धूर गेला आणि कोडही परत आला नाही. अशा गाडीत प्लेट घातली असती तर धूर कमी झाला असता, दुरुस्ती झाली असे वाटले असते, आणि फाटक्या होजमुळे टर्बो मात्र अपुरा दाब भरून काढण्यासाठी गरजेपेक्षा जास्त वेगाने फिरत राहिला असता.

घाटातील तक्रारीबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पूर्ण भारावर, म्हणजे ॲक्सिलरेटर तळाला लावून गाडी आंबा घाट चढत असते तेव्हा, बहुतेक इंजिनांत ईजीआर व्हॉल्व्ह बंद किंवा जवळजवळ बंद असतो. त्याचे मुख्य काम मध्यम भारावर आणि गरम इंजिनावर असते. म्हणून ताकद फक्त चढावर जात असेल, आणि त्या वेळी स्कॅनरवर व्हॉल्व्ह मिटलेला दिसत असेल, तर ईजीआरचा नाद सोडून डिझेल फिल्टर, टर्बो आणि इंटरकूलर यांच्याकडे वळावे. चढावर व्हॉल्व्ह उघडा दिसला, आयडल अस्थिर असले, गाडी बंद पडत असली, तर व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे असे मानायला आधार मिळतो.

व्हॉल्व्ह खरोखर काजळीने भरला असेल तर तो साफ करता येतो, आणि बहुतेक वेळा साफ करून चालतो. कार्बन विरघळवणारे द्रावण लावून काजळी मऊ होऊ द्यावी आणि नायलॉनच्या ब्रशने काढावी. स्क्रू ड्रायव्हरने खरवडल्यास व्हॉल्व्हच्या बैठकीवर ओरखडे पडतात आणि मग तो कधीच घट्ट बसत नाही. द्रावण मोटारीच्या आणि सेन्सरच्या भागात जाऊ देऊ नये. पॅकिंग नवेच घालावे. जुन्या पॅकिंगमधून निसटणारा वायू हे पुढच्या कोडचे कारण बनते. साफ केलेला व्हॉल्व्ह बसवल्यावर ज्या इंजिनांत लागते त्यांत स्कॅनरवरून त्याची बंद स्थिती संगणकाला नव्याने शिकवावी लागते. हे काम पुष्कळ ठिकाणी राहून जाते, कोड परत येतो, आणि साफसफाईचा काही उपयोग नसतो असा प्रवाद पसरतो.

मात्र केवळ साफसफाईवर थांबू नये, कारण एवढी काजळी आली कोठून हा प्रश्न उरतोच. गळणारा इंजेक्टर, टर्बोच्या सीलमधून इनटेकमध्ये जाणारे तेल, धुळीने बुजलेला एअर फिल्टर, ही कारणे सर्वांना माहीत असतात. कूलंटचा प्रवाह सांभाळून इंजिनाचे तापमान राखणारा थर्मोस्टॅट उघडा अडकल्याने इंजिन कायम थंड चालणे हे कारण मात्र क्वचितच तपासले जाते. आपल्याकडे तर थर्मोस्टॅट काढून फेकून देण्याची रीतच पडली आहे, ‘इंजिन थंड राहिलेले बरे’ या समजुतीने. थंड इंजिनात ज्वलन अपुरे होते, वायूतील वाफ कूलरमध्ये द्रव होते, आणि काजळी व तेलाशी मिसळून तिचा चिकट थर बसतो. हंगामात साखर कारखान्याच्या गाडीअड्ड्यावर नंबराची वाट पाहत तासन् तास आयडलवर ठेवलेल्या, थोडे सरकून पुन्हा थांबणाऱ्या ट्रकांत हाच थर जमतो. ज्या रांगेत इंजिन बंद ठेवता येते तेथे ते बंद ठेवावे, आणि रिकामी गाडी परतताना महामार्गावर काही अंतर इंजिन पुरते गरम करून चालवावी. एवढ्यानेही फरक पडतो. आपले डिझेलच खराब, म्हणून ईजीआर टिकत नाही, हे म्हणणे पूर्वी काही अंशी खरे होते. बीएस-३ च्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ३५० भाग होती, बीएस-४ मध्ये ५०, आणि एप्रिल २०२० पासून पंपावर मिळणाऱ्या डिझेलमध्ये ती १० आहे. कूलर खाणारे आम्ल ज्या गंधकापासून बनते ते आता फार थोडे उरले आहे.

कूलरबद्दल स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे, कारण तेथे दुर्लक्ष केले तर इंजिनच जाते. कूलरच्या एका बाजूने कित्येकशे अंशांचा वायू आणि दुसऱ्या बाजूने रेडिएटरचे कूलंट वाहते. त्याला आतून तडा गेला की कूलंट कमी होत जाते, पण खाली थेंब दिसत नाही. सकाळी गाडी चालू करताना गोडसर वासाचा पांढरा धूर येतो. किंवा वायू कूलंटमध्ये शिरून टाकीत बुडबुडे येतात आणि दाब चढतो. ही लक्षणे हेड गॅस्केट गेल्यासारखीच असल्याने थेट हेड उतरवले जाते, आणि ते खर्चिक काम झाल्यावरही कूलंट कमी होतच राहते. हेडला हात लावण्याआधी ईजीआर कूलर काढून, त्याच्या पाण्याच्या बाजूचे एक तोंड बंद करून, दुसऱ्या तोंडातून पुस्तिकेत दिलेल्या दाबाची हवा भरून तो कोमट पाण्यात बुडवावा. वायूच्या बाजूने बुडबुडे आले तर दोष सापडला. थंड कूलरमध्ये बारीक तडा मिटलेला राहतो, म्हणून पाणी कोमट हवे. इंजिन रात्रभर उभे असताना कूलंट सिलिंडरमध्ये उतरले असेल तर स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. तसा संशय असल्यास गाडी अजिबात चालू करू नये. कूलर फुटण्याचे आपल्या भागातील मोठे कारण म्हणजे कूलंटऐवजी बोअरचे पाणी घालणे. त्या पाण्यातील क्षारांचा थर कूलरच्या आत बसतो, त्या जागी उष्णता निघून जात नाही आणि धातू तडकतो. ढाब्यावर पाण्याची बाटली ओतण्याची सवय गाडीच्या चालकाकडून सोडवून घेणे, आणि ठरलेल्या प्रमाणात मिसळलेल्या कूलंटचा डबा केबिनमध्ये ठेवणे, हे मालकाच्या हातात आहे.

या सर्व तपासणीला स्कॅनर, मल्टिमीटर, हाताचा व्हॅक्यूम पंप आणि जाणता कारागीर एवढेच लागते. उद्यमनगरात, शिरोलीत या साधनांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो तपासणीचे पैसे देण्याच्या आणि घेण्याच्या पद्धतीचा. मालक पार्टचे पैसे देतो, शोधण्याचे देत नाही. म्हणून गॅरेजवालाही शोधण्यात वेळ घालवण्याऐवजी पार्ट बदलतो किंवा प्लेट घालतो. ट्रकमालकांना माझी विनंती आहे की त्यांनी तपासणीची मजुरी वेगळी द्यावी आणि तिच्या बदल्यात बिलावर लेखी नोंद मागावी: कोणता कोड होता, कोणत्या स्थितीत नोंदला गेला, कोणकोणती मापे घेतली, दुरुस्तीपूर्वी आणि दुरुस्तीनंतर आकडे काय होते. अशी नोंद मागणारे मालक वाढले की गॅरेजचा कारभार आपोआप बदलेल. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनीही ईजीआरच्या फ्लँजमध्ये बॅटरीचा प्रकाश टाकून प्लेटची कड दिसते का ते पाहावे, कारण नंतर प्लेट सापडली तर त्याचा त्रास आताच्या मालकाला होऊ शकतो.

परिवहन विभागाकडेही मागणे आहे. व्यावसायिक वाहनाला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांचे आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. बीएस-४ ट्रक आता या दरवर्षीच्या तपासणीत येत आहेत. त्या वेळी ईजीआरची नळी व फ्लँज नजरेने पाहणे आणि संगणकाला व्हॉल्व्ह हलवण्याचा आदेश देऊन तो हलतो का हे बघणे फार वेळाचे काम नाही. केवळ धुराची अपारदर्शकता मोजून ही फसवणूक कधीच सापडणार नाही. मात्र त्या पहिल्या तपासणीत प्लेट सापडलेल्या मालकाला लगेच दंड न करता यंत्रणा पूर्ववत करण्यासाठी मुदत द्यावी, कारण यातील पुष्कळांना आपण काय करून घेतले याची पूर्ण कल्पनाच दिली गेलेली नाही. उत्पादक कंपन्यांनी आपल्या बीएस-४ इंजिनांच्या कोडांचे अर्थ, पिनांची मांडणी आणि मापांचे आकडे अधिकृत केंद्रांपुरते न ठेवता साध्या गॅरेजांनाही मराठीतून उपलब्ध करून द्यावेत. आणि जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मेकॅनिक डिझेल शिकणाऱ्या मुलांना ईजीआर कूलर पाण्यात बुडवून तपासण्याची, हवेचा आकडा वाचण्याची आणि मल्टिमीटरने सेन्सर पारखण्याची कामे प्रत्यक्ष बीएस-४ इंजिनावर करायला मिळावीत. संस्थांना अशा इंजिनाची गरज असेल तर वाहतूकदारांच्या संघटनांनी अपघातात मोडलेल्या गाडीचे एखादे चालू इंजिन त्यांना मिळवून द्यावे. यंदाचा हंगाम संपताच हे काम हाती घेता येईल, आणि त्यासाठी इंजिन उतरवून संस्थेत बसवून देण्याची जबाबदारी मी व माझे सहकारी कारागीर विनामूल्य घ्यायला तयार आहोत.

आपला विश्वासू,
एक डिझेल इंजिन कारागीर,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर